उखाण्यातली गादी

“आज कितवे गं?” आत्तींनी चपला काढता काढता विचारलं.

मंगळवार होता. जैन मंदिरात दर्शन घेऊन त्या नुकत्याच परतल्या होत्या, गॅसवर चहा उकळत होता आणि मी ओट्यापाशी उभी राहून फोनवर बोट सरकवत होते. पहिलं पान झालं. दुसरं झालं. पाचव्या पानाला चहा उतू गेला. नवव्या पानावर आम्ही सापडलो, कुठल्याशा बँडवाल्याच्या आणि एका पंचांगाच्या मधे दबून बसलेलो.

आता आम्ही म्हणजे कोण, ते सांगते. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, चंपाबाई मगदूम. जयसिंगपूरकडे बऱ्याच घरांत सासूला आत्ती म्हणतात, मीही म्हणते. शिक्षण चौथी, पण उखाणा जोडण्यात आमच्या बारा गल्ल्यांत त्यांचा हात कुणी धरणार नाही. लग्न असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, बायका आदल्या दिवशी आमच्या दारात हजर. नवऱ्याचं नाव सांगायचं, तो काय करतो ते सांगायचं, की आत्ती भाजी निवडता निवडता दोन ओळी हातात ठेवणार. माझे सासरे म्हणायचे, हिनं माझं नाव इतक्यांदा घेतलंय की झिजून गेलंय.

मी लग्नाआधीपासून डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करायची. पुढं ते दुकान बंद पडलं, मी घरी बसले आणि मला घरी बसवत नाही. म्हणून एक दिवस ब्लॉग काढला. नाव ठेवलं ‘चंपाक्कांचे उखाणे’. आत्ती सांगायच्या, मी टाइप करायची. नवरीचे, नवऱ्याचे, सत्यनारायणाचे, मंगळागौरीचे, विनोदी, लांबलचक, असे आठशेच्या वर झाले. नवऱ्याच्या नावाच्या जागी मी एक रेघ मारायची, म्हणजे जिनं तिनं आपापला भरावा. हळूहळू अशी वेळ आली की सर्चमध्ये कुणीही ‘नवरीचे उखाणे’ असं लिहिलं की सगळ्यात वर आम्ही. अमेरिकेतून बायकांचे निरोप यायला लागले. आत्तींनी आयुष्यात कोल्हापूरच्या पलीकडं फारसं पाऊल टाकलं नव्हतं, पण रोज सकाळी निकाल लागल्यासारखं त्या विचारायच्या, आज कितवे, आणि मी म्हणायची, पहिले. की मग त्या चहाला बसायच्या.

एवढं सगळं छान चाललेलं असताना पुण्याहून उपेंद्र दांडेकर नावाच्या माणसाचा फोन आला. गोड बोलणारा माणूस होता. मॅडम, तुमच्या पानाला सर्चमध्ये किंमत आहे, तुम्ही नुसती फुकट घालवताय, असं म्हणाला. धंदा काय, तर आमच्या पानावरचा एखादा शब्द निळा करायचा, आणि त्याच्यावर बोट ठेवलं की वाचणारा थेट कुठल्यातरी दुकानाच्या साइटवर जाऊन पडेल, अशी लिंक द्यायची. तिथं कुणी गेलं नाही तरी चालेल. एवढ्या वरच्या पानानं बोट दाखवलंय म्हटल्यावर सर्च त्या दुकानाला मोठं समजतं आणि त्यालाही वर उचलतं. त्याचे दुकानदार पैसे देणार. लिंक पानाच्या तळाशी असली तर अमुक, आणि मजकुराच्या आत असली तर दुप्पट.

माझं डोकं नको तिथं फार चालतं. आमच्या पानावर मजकूर कुठला? नुसते उखाणेच. मग मजकुराच्या आत म्हणजे उखाण्याच्या आत.

त्या दिवशी आत्ती गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, एक अवघड शब्द आहे, बसतोय का बघा. ऑर्थोपेडिक गादी. आत्तींनी तो शब्द दोनदा नीट म्हणायला लावला. चार शेंगा मोडल्या असतील.

“ऑर्थोपेडिक गादीवर पांढरी शुभ्र चादर, अमुकरावांचं नाव घेते राखून सगळ्यांचा आदर,” त्या म्हणाल्या. “त्यात काय अवघड हाय?”

मी थक्क झाले. दुसऱ्या दिवशी पाणी शुद्ध करायच्या मशिनचा शब्द आला. आत्तींनी जोडलं: वॉटर प्युरिफायरचं पाणी, चांदीचा पेला, अमुकरावांनी पहिल्याच भेटीत जीव माझा नेला. मग गृहकर्ज आलं, मग इन्व्हर्टर. एकदा उपेंद्रनं पेस्ट कंट्रोल पाठवलं आणि मला वाटलं, आता आत्ती हरतात. त्यांनी आंघोळीला जाता जाता दारातूनच सांगितलं: पेस्ट कंट्रोल केलं, झुरळं गेली पळून, अमुकरावांनी बघितलं मला मागं वळून. मी हसून हसून ओट्याला टेकले. उपेंद्रलाही फोनवर हसू आवरेना. मॅडम, भारतात असं काम कुणी करत नाही, असं तो म्हणाला, आणि ते मात्र खरंच असावं.

आत्तींनी मला दोनदा विचारलं होतं. एकदा गादीच्या वेळी आणि एकदा कर्जाच्या वेळी. उखाण्यात दुकानाचा शब्द घालावा का गं, बरं दिसतं का, असं. मी म्हटलं, आत्ती, आता सगळे असंच करतात. सगळे म्हणजे कोण, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लिंका विकणं सर्चवाल्यांना चालत नाही, हे मी कुठंतरी वाचलं होतं. उपेंद्रला विचारलं तर तो म्हणाला, काही होत नाही हो मॅडम. मला तेवढंच ऐकायचं होतं. त्या पैशांतून घरात मिक्सर आला, इन्व्हर्टर आला आणि माझी मान ताठ झाली. अशा एकोणसत्तर लिंका मी विकल्या.

आणि मग तो मंगळवार. सर्चवाल्यांनी आपली मोजायची पद्धत बदलली होती. विकलेल्या लिंका हुडकायच्या आणि असली पानं खाली ढकलायची, असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्यासारख्या शेकडो ब्लॉगवाल्यांना त्या सकाळी घाम फुटला असणार. पण त्यांच्यापैकी कुणाच्या दारात आत्ती उभ्या नव्हत्या.

“कितवे गं?” त्यांनी परत विचारलं. “बोलंनास का?”

“खाली गेलोय,” मी म्हटलं. “नवव्या पानावर.”

“का?”

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी लिंका विकल्या म्हणून त्यांनी आपल्याला ढकललं. पण मग मी दोनदा खोटं बोलले होते तेही निघालं असतं, आणि मिक्सर तिथंच ओट्यावर होता. माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हटलं, “लोकांना आता काहीतरी नवीन लागतं, आत्ती.”

त्या खाली बसल्या. चहा प्यायल्या. कप विसळून पालथा घातला आणि म्हणाल्या, “शिळे झाले असतील. चालायचंच.”

बस, एवढंच. मला वाटलं, सुटले. दोन दिवसांनी कळलं की सुटले नाही, चांगली अडकलेय. मागच्या गल्लीतली चौगुलेंची सून बारशासाठी उखाणा मागायला आली. आत्तींनी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि सांगितलं की बाई, माझं आता जुनं झालं, तू फोनवरच बघ. ती बिचारी मला विचारायला लागली, आत्तींची तब्येत बरी नाही का. पुढच्या आठवड्यात आणखी दोघी आल्या, त्यांनाही तेच उत्तर. सकाळचं कितवे विचारणं बंद झालं. भाजी निवडताना पूर्वी आत्तींचे ओठ हलायचे, ते हलायचे थांबले. घरात त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलत होत्या, उलट जरा जास्तच मायेनं, त्यामुळं मला गिळवेना.

माझे यजमान सन्मती यांचं फवारणीच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस कमी बोलतो. त्यांना मी सगळं सांगितलं, तर स्क्रू पिळता पिळता म्हणाले, “आईला सांगून टाक.”

“सांगते.”

“कधी?”

“पान परत वर आलं की सांगते. म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही.”

“वाईट आईला वाटंल का तुला?” त्यांनी विचारलं आणि परत पंपात डोकं घातलं. मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

उपेंद्रला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, आठ दिवसांत शांत होईल. दुसऱ्यांदा म्हणाला, सगळ्यांचंच झालंय, मी स्वतः टेन्शनमध्ये आहे. तिसऱ्यांदा त्याचा फोन लागलाच नाही. आठ दिवसांचे चार महिने झाले.

वैशाखात माझ्या नणंदेच्या मुलीचं, अर्पिताचं लग्न निघालं. अर्पिता म्हणजे आत्तींची एकुलती एक नात. लहानपणापासून तिचं ठरलेलं होतं की माझ्या लग्नातला उखाणा आज्जी करणार. लग्नाच्या दहा दिवस आधी ती मुद्दाम आली, आत्तींच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि म्हणाली, मुलाचं नाव अभिनंदन, इचलकरंजीत सूतगिरणीत इंजिनिअर आहे, आता कर. आत्ती तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मी दारात उभी होते. मनात म्हणत होते, करा हो आत्ती, एकच करा, म्हणजे मी सुटले.

“नगं बाळा,” आत्ती म्हणाल्या. “तुझ्या मैत्रिणी हसतील. तू चांगला नवा बघून घे.”

अर्पिता रुसली, रडली, जेवली नाही. त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. मी दोनदा आत्तींच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा त्या जपमाळ ओढत होत्या. दुसऱ्यांदा ओढत नव्हत्या, पण मी तसंच समजून परत आले.

लग्न नांदणी रोडवरच्या कार्यालयात होतं. आमच्याकडं जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची, त्यामुळं चार वाजता नवरानवरीचं ताट मांडलं. भोवती रांगोळी, उदबत्ती, दोन्हीकडची माणसं जमलेली. आत्तींना पुढच्याच खुर्चीवर बसवलं होतं. मी बुंदीचा डबा घेऊन शेजारी उभी. अर्पितानं घास हातात घेतला आणि सगळे ओरडले, नाव घ्या, नाव घ्या. तिची मैत्रीण फोन धरून समोर बसली होती. पोरगी सकाळपासून उपाशी, घाबरलेली, तिनं फोनवर नजर टाकून एका दमात म्हणून टाकलं.

“ऑर्थोपेडिक गादीवर पांढरी शुभ्र चादर, अभिनंदनरावांचं नाव घेते राखून सगळ्यांचा आदर.”

मग नवऱ्याच्या मित्रांपैकी एकानं विचारलं, “वहिनी, गादी कुठल्या दुकानातली?” आणि काय हशा उसळला म्हणून सांगू. काका लोक उपरण्यात तोंड लपवायला लागले. लग्नाच्या दिवशी नवरीनं भर पंगतीत गादी आणि चादर काढावी म्हणजे काय राहिलं? अर्पिताचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि खालचा ओठ थरथरायला लागला.

जावई मात्र गुणाचा निघाला. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि म्हणाला, “घेऊच गादी. माझी पाठ सहा महिने दुखतेय, हिला कुणी सांगितलं?” मग त्यानं तोंड पुढं करून तो घास खाल्ला. अर्पितालाही हसू फुटलं आणि वेळ निभावली.

मी हसले नाही. आत्तीही हसल्या नव्हत्या. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली होती आणि त्या माझ्याकडं बघत होत्या.

“तिरशला,” त्या म्हणाल्या. माझं नाव त्रिशला, पण त्या तसंच म्हणतात. “ह्यो माझाच न्हवं?”

“हो.”

“नवव्या पानावरनं काढला व्हय तिनं?”

“नाही, आत्ती. आपल्या ब्लॉगवरचे उखाणे दुसऱ्या पाच-सहा जणांनी उचललेत. जसेच्या तसे. त्यातल्या कुणाचं तरी पान तिला सापडलं असेल.”

आत्ती विचार करायला लागल्या. त्यांचा विचार चेहऱ्यावर सरळ दिसतो, दोन भुवया जवळ येतात.

“शिळं झालंय म्हणालीस,” त्या सावकाश म्हणाल्या. “मग शिळं चोरतंय कोण?”

बुंदीचा डबा मी खुर्चीवर ठेवला आणि तिथंच, पंगतीच्या गलक्यात, त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. लिंका विकल्या ते. ते चालत नाही हे माहीत होतं ते. सर्चवाल्यांनी त्यासाठीच ढकललं, त्यांच्या उखाण्यांचा त्यात काडीचा दोष नव्हता, ते. बोलताना मला रडू येत होतं आणि लोकांना वाटत होतं, भाचीच्या लग्नात मामी हळवी झाली.

आत्तींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, “चार म्हैने मला वाटत हुतं, माझं डोस्कं संपलं.”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, नातजावयाजवळ जाऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि परत येताना गाडीत माझ्या शेजारी न बसता पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

मग आमच्या घरात अबोला सुरू झाला. आत्तींचा अबोला म्हणजे भांड्यांचा आवाज नाही, आदळआपट नाही. मला काही सांगायचं असलं की त्या सन्मतींना सांगायच्या. तिला म्हणावं, दूध उतू जातंय. मी तीन हातांवर उभी असायची. सन्मती दोघींच्या मधे पोस्टमनचं काम करून कंटाळले आणि दुकान लवकर उघडायला लागले.

मी कामाला लागले. उपेंद्रला निरोप टाकला की मी सगळ्या लिंका काढतेय. त्याचं उत्तर आलं नाही. एकेक पान उघडायचं आणि निळा शब्द काढायचा. पण नुसता निळा रंग काढून भागेना. सर्चपुरतं ते चाललं असतं, पण गादी तिथंच राहत होती, आणि अर्पिताचा तो थरथरणारा ओठ मला विसरता येत नव्हता. म्हणून मी शब्दच काढले. आता एकोणसत्तर उखाणे भोकं पडल्यासारखे झाले. ते भरायचे कुणी? आत्तींना विचारायचं तोंड नव्हतं. म्हटलं, आपणच भरू. आठशे उखाणे टाइप केलेत, एवढं तर येईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात टेबलावर बसून झुरळांशी झगडत होते. आत्ती खाली बसून मेथी निवडत होत्या, पाठ माझ्याकडं. मला मोठ्यानं म्हटल्याशिवाय चाल कळत नाही. मी म्हटलं, “स्वच्छ आमच्या घरामध्ये नाही कुठं धूळ, अमुकरावांचं नाव घेते, तेच माझं मूळ.”

खाली मेथीच्या काड्या मोडायच्या थांबल्या.

मला बरा वाटला होता तो. मी दुसरा केला. “दुधावरची साय काढून केलं मी तूप, अमुकरावांच्या मनात आहे माझंच रूप खूप.”

“रूप खूप,” मागून आवाज आला.

मी वळले नाही.

“ह्याला उखाणा म्हणत्यात?” आत्ती मेथीच्या जुडीला उद्देशून म्हणाल्या. “ही असलं म्हणाली तर हिचा नवरा ताटावरनं उठून जाईल. आणि मूळ काय मूळ? नवरा हाय का मुळा?”

“झुरळं काढल्यावर तिथं काय घालू, कळत नाही,” मी हळूच म्हटलं.

“मागची ओळ वाच.”

“अमुकरावांनी बघितलं मला मागं वळून.”

एक काडी मोडली, दुसरी मोडली. “गिरणीतून आले मी जोंधळं दळून,” आत्ती म्हणाल्या. “अमुकरावांनी बघितलं मला मागं वळून. आता बघंल की न्हाई मागं वळून? डोस्क्यावर डबा, गालाला पीठ. झुरळं बघून कोण वळतंय?”

मी टाइप केलं. डोळे भरून आल्यामुळं दोनदा चुकलं. त्या म्हणाल्या, पुढचा. मी वाचला. त्यांनी जोडला. पुढचा. मेथी संपली तर त्यांनी कोथिंबीर ओढली, कोथिंबीर संपली तर न विचारता उद्याची भेंडी चिरायला घेतली. अबोला सुटला असं कुणी जाहीर केलं नाही. सन्मती चहाला आले, आम्हा दोघींकडं बघितलं आणि स्वतःच चहा टाकला.

मधेच आत्तींनी विचारलं, “ते सर्चवाले आपल्यावर का रागावले, ते मला एकदा नीट सांग.”

मी सांगितलं. कुणी दुसऱ्याचं नाव आपल्या पानावर आवडीनं घेतलं, तर ते ती शिफारस धरतात. पैसे घेऊन घेतलं तर धरत नाहीत. उलट पैसे घेऊन नाव घेणाऱ्यालाच खाली ढकलतात.

“मग त्यांचं काय चुकलं?” आत्ती म्हणाल्या. “उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं असतंय. आपण गादीवाल्याचं घेत बसलो.” मग म्हणाल्या, “मी बी बसलो. तू विचारलंस आणि मला चेव आला. ऑर्थोपेडिक बसवला म्हणून चार बायकांत मिरवलं की मी.”

मला वाटलं, झालं, आता सगळं मिटलं. पण मगदुमांच्या घरात असं स्वस्तात मिटत नाही.

रविवारी अर्पिता आणि जावई पहिल्यांदाच जेवायला येणार होते. आत्तींनी गल्लीतल्या बायकांना स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. चौगुलेंच्या सुनेलाही दिलं. पुरणपोळ्या झाल्या, पानं मांडली. अर्पिताला त्यांनी आदल्या दिवशीच फोनवर उखाणा दिलेला होता, तो तिनं असा ठसक्यात घेतला की जावयानं घास खायचा सोडून टाळ्या वाजवल्या. बायका म्हणाल्या, चंपाक्का, आता तुम्ही परत चालू झालात म्हणायच्या.

“आता हिची पाळी,” आत्ती म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं.

माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मी म्हटलं, आत्ती, आता कशाला. त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानात दोन ओळी सांगितल्या. ऐकून माझे कान तापले. “सगळ्यांच्या पुढं?” मी विचारलं.

“मी चार म्हैने सगळ्यांच्या पुढंच गप बसलो,” त्या म्हणाल्या.

हे खरं होतं. मी पदर खोचला, सन्मतींकडं बघितलं. त्यांना काय येतंय ते कळलं असावं, कारण त्यांनी पोळीत मान घातली. मी दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले आणि म्हटलं,

“चार महिने सासूपासून खरं ठेवलं झाकून,
सन्मतीरावांचं नाव घेते, कान धरून, वाकून.”

आणि खरोखरच वाकले. बायकांना आत काय आहे ते माहीत नव्हतं, त्यांना वाटलं विनोदी प्रकार आहे. त्या हसल्या, परत एकदा म्हणा म्हणाल्या. आत्ती हसत नव्हत्या. त्यांनी माझे हात कानांवरून काढले, आपल्या पानातल्या पोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि माझ्या तोंडात घातला. मग म्हणाल्या, “बरा जमला. हा बी टाक ब्लॉगवर.”

टाकला. आमचं पान वर यायला पुढं सात महिने लागले आणि पहिला नंबर काही परत मिळाला नाही. कधी चौथे असतो, कधी सहावे. उपेंद्रसारखे फोन अजून येतात. आत्ती सकाळी परत कितवे विचारायला लागल्या आहेत, पण आता चहाला आधी बसतात आणि विचारतात नंतर.

पण आमच्या आठशे उखाण्यांत तेव्हापासून सगळ्यात जास्त उघडला जाणारा उखाणा तोच आहे, झाकून आणि वाकूनवाला. जिकडं तिकडं सुना तो घेताहेत. अमरावतीहून, बडोद्याहून, कॅनडातून. मी आत्तींना दर महिन्याचा आकडा दाखवते. त्या चष्मा लावून आकडा बघतात, मग चष्म्यावरून माझ्याकडं बघतात.

“बाई बाई,” म्हणतात, “एवढ्या जणी काय काय झाकून बसल्यात गं?”